हद्दीबाहेरचं जहाज

आई,

मी आता तेलाच्याच धंद्यात आहे, हे तुला कळायचं राहिलं. तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एका डिझाइन कंपनीत पाइपांची ड्रॉइंग्ज तपासत होते आणि तू मिरजेत शेजाऱ्यांना सांगायचीस, मुलगी इंजिनिअर आहे, नळांचं बघते. त्यानंतर तीन वर्षांनी मी सिंगापूरला आले. बुकित पंजांगमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस धरते, जुरोंग आयलंडच्या फाटकावर पास दाखवते, आणि आमच्या रिफायनरीत पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या देशाचं तेल किती घ्यायचं, कुठलं जहाज कधी धक्क्याला लावायचं, हे ठरवते. ठरवतो खरं तर संगणक. मी त्याला आकडे पुरवते. बसरा, कुवेत ही नावं मी दिवसातून पन्नास वेळा वाचते. तुझ्या तोंडून ऐकली तेव्हा ती गावं होती. आता त्या तेलाच्या जाती आहेत, तांदळात कोलम नि आंबेमोहोर असावेत तशा.

बाबा गेल्यावर तू मला घेऊन कुवेतला गेलीस. नर्सेसच्या क्वार्टर्समधलं ते स्वयंपाकघर मला अजून नीट आठवतं, कारण ते इतकं लहान होतं की फ्रिज उघडला की दार उघडता येत नसे. ऑगस्टमधली एक सकाळ आहे. तू रात्रपाळी करून आली आहेस आणि युनिफॉर्म न बदलता पोळ्या लाटते आहेस. लांबवर धडधड होते आहे. मला ते बांधकाम वाटतं. तू एक पोळी तव्यावर तशीच ठेवून खिडकीशी जातेस, परत येतेस, गॅस बंद करतेस आणि म्हणतेस, "बूट घाल." पुढचे काही आठवडे तू हॉस्पिटल सोडलं नाहीस आणि मला तिथेच लिनन रूममध्ये ठेवलंस. मग एक दिवस सगळ्या भारतीयांबरोबर आपणही बसमध्ये बसलो. इराकमध्ये शिरल्यावर बसऱ्यात बस बंद पडली आणि रस्त्याकाठच्या घरातली एक बाई आपल्याला आत घेऊन गेली. तिनं वाळलेल्या लिंबाचा काळा चहा दिला. तिच्या मांडीवरचं मूल तापानं फणफणलं होतं. तू पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात ठेवलीस आणि बोटांनी दाखवलंस, अर्धी, दिवसातून तीनदा. तिच्याच देशाच्या सैन्यानं आपल्याला घराबाहेर काढलं होतं. त्याबद्दल तुम्ही दोघी काहीच बोलला नाहीत. बोलायला भाषाही नव्हती.

मग अम्मान, मग विमान, मग मिरज. अमेरिकेनं कुवेत सोडवल्यावर तू एकटी परत गेलीस आणि मी मावशीकडे राहिले. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की विहिरी अजून जळताहेत, भर दुपारी दिवे लावतो, आणि वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म काळा होऊन हातात येतो. पुढच्या सुट्टीत तू मला एक मोठा इंग्रजी नकाशासंग्रह आणलास. त्यात आपण आलो तो रस्ता तू निळ्या पेनानं आखला होतास. ती रेघ आणि तेलविहिरींच्या छापील खुणा कितीतरी अंतर एकमेकींना लागून जातात. मला भूगोलापेक्षा तेच जास्त आवडलं होतं.

आणि मग तो दिवस, ज्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. अमेरिका इराकमध्ये शिरत होती. मी मुंबईत शिकत होते, मोर्चाला जाऊन आले होते आणि तो पुठ्ठ्याचा फलक मिरजेला घेऊन आले, बहुधा तुला दाखवायलाच. तेलासाठी रक्त नको, असं त्यावर लाल रंगात लिहिलं होतं. तू नोकरी सोडून कायमची परत आली होतीस. मेथी निवडत बसली होतीस.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. खोटं आहे का?"

"खोटं कोण म्हणतंय?"

"तुमच्या वेळीही ते तेलासाठीच आले होते. तिथे तेलाऐवजी कांदे पिकत असते तर आले असते का?"

"नसते आले," तू म्हणालीस. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. "पण आले. ते आले म्हणून माझं हॉस्पिटल पुन्हा उघडलं. मला नोकरी परत मिळाली, त्यावर तू शिकलीस. तेही लिही की त्या पुठ्ठ्यावर. मागची बाजू कोरीच आहे."

मी पुठ्ठा उचलून बाहेर गेले. मला तेव्हा वाटलं, तू माणूस म्हणून लहान आहेस. आज ते वाक्य तुला सांगताना फारसं काही वाटत नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या फलकावरचा मजकूर बरोबर होता.

पण शेवटच्या आजारपणात, मी तुझे पाय चेपत असताना, तू न विचारता एक गोष्ट सांगितलीस. की त्या मधल्या वर्षांत, इराकवर निर्बंध असताना, तुमच्या स्टोअरमध्ये अँटिबायोटिकची खोकी तारीख उलटून फेकली जायची, आणि सरहद्दीपलीकडे दोन तासांवर मुलं त्याच औषधावाचून जात होती. सगळ्यांना ठाऊक होतं. "आम्ही विषय काढत नसू," तू म्हणालीस आणि कूस बदललीस. मी दुसरा पाय चेपायला घेतला.

गेल्या वर्षी अमेरिकेनं इराणवर पुन्हा निर्बंध जाहीर केले. आमच्याकडे इराणचं हलकं तेल येत असे. नोव्हेंबरची मुदत होती. एका मीटिंगमध्ये, चहा गार व्हायच्या आत, ठरलं. मी माझ्या जागेवर आले आणि त्या देशापुढच्या रकान्यात शून्य टाकलं. संगणकानं चार-पाच मिनिटं विचार करून पर्याय दिला: टेक्ससचं तेल. आई, कॉलेजात मला वाटायचं की तेलासाठी युद्ध म्हणजे सैन्यानं जाऊन विहिरी ताब्यात घ्यायच्या. इतकं करावंच लागत नाही. ज्या सामुद्रधुनीतून तेल जातं तिथे ज्याच्या युद्धनौका उभ्या असतात, ज्याच्या चलनात ते विकलं जातं, ज्याच्या शहरातल्या बँकांमधून त्याचे पैसे फिरतात, त्याच्या एका कागदानं दुसऱ्याच्या विहिरी जागच्या जागी बंद होतात. पूर्वी त्या देशाला, म्हणजे अमेरिकेला, परक्याचं तेल लागायचं म्हणून तो आखातात आपले मित्र आणि शत्रू ठरवायचा. आता त्याच्या स्वतःच्या जमिनीतून एवढं निघतं की शत्रूचं तेल बाजारातून काढणं त्याला परवडतं, आणि रिकाम्या जागी स्वतःचं विकताही येतं. यात कुणी बंदूक उचलत नाही. मी तर एक बटण दाबलं.

एक जहाज मात्र मध्येच अडकलं. ते मुदतीआधी इराणचं तेल भरून निघालं होतं, पण वाटेत इंजिन बिघडलं आणि इथे पोचेपर्यंत तारीख उलटून गेली. विमा कंपनीनं अंग काढून घेतलं, मग एजंटनं, मग आम्ही. बंदराच्या हद्दीबाहेर नांगर टाकून ते उभं राहिलं. आमच्या कायदा विभागाचं पत्र आलं: या जहाजाशी कोणताही संपर्क ठेवू नये.

मंगळवारी त्याच्या चीफ ऑफिसरचा मला फोन आला. रत्नागिरीकडचा माणूस. जहाजाच्या वेळा ठरवताना आधी दोनतीनदा बोलणं झालं होतं आणि मी मराठी आहे हे कळल्यापासून तो मला ताई म्हणायचा.

"ताई, आमच्या कुकला डायबेटिस आहे. इन्सुलिन संपत आलंय. पाय काळा पडायला लागलाय त्याचा. एजंट फोन घेईना, कंपनी म्हणते थांबा. तुम्ही कुणाला तरी सांगा ना."

"बघते," मी म्हणाले. "आजच बघते."

मी साहेबांकडे गेले. साहेब इथलेच, चिनी, वाक्याच्या शेवटी इथल्यासारखं 'लाह' लावणारे, वीस वर्षं या धंद्यात, स्वभावानं चांगले. त्यांनी दार लावून घेतलं. "नो कॉन्टॅक्ट म्हणजे नो कॉन्टॅक्ट. आपलं कर्ज डॉलरमध्ये, विमा डॉलरमध्ये. उद्या कुणी आपले फोन तपासले तर? ते जहाज आपलं नाही आता. डोन्ट बी हिरो, लाह." मग दार उघडताना म्हणाले, "औषधाला बंदी नाहीये. कुणीतरी देईल."

बुधवारी चीफ ऑफिसरनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा फोन माझ्यासमोर टेबलावर थरथरत होता. पहिल्यांदा मी तो उलटा करून ठेवला. दुसऱ्यांदा मी पाणी आणायला उठले. तिसऱ्यांदा बसून राहिले आणि थांबेपर्यंत वाट पाहिली. मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, नाही आता, कायमची रहिवासी आहे, नोकरी गेली तरी कुणी मला देशाबाहेर घालवणार नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गुरुवारी घरी येताना बसमध्ये मी ते सगळं शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं. तो बसऱ्याचा आहे. आमच्याच विभागात, प्रयोगशाळेचे आकडे तपासतो. त्यानं मला कधीतरी विचारलं होतं की भारतीय बाईला वाळलेल्या लिंबाचा चहा कसा माहीत, आणि मी त्या घराची गोष्ट सांगितल्यावर तो इतकंच म्हणाला होता, "आमच्याकडे सगळ्याच घरांत तो असतो." तो मात्र नोकरीच्या पासवरच आहे, दोन वर्षांच्या करारावर, बायको आणि दोन मुली इथे.

मी म्हणाले, "औषधाला बंदी नाहीये म्हणे."

"आम्हालाही नव्हती," तो म्हणाला. बस आयलंडहून शहराकडे येणाऱ्या पुलावरच्या गर्दीत हळूहळू सरकत होती. "कागदावर औषधाला कधीच बंदी नव्हती. फक्त बँक पैसे पाठवायची नाही, जहाज माल घ्यायचं नाही, आणि ट्रकवाला म्हणायचा, उगाच भानगड नको. माझी बहीण तीन वर्षांची होती. न्यूमोनिया. कुणीच नाही म्हणालं नाही आम्हाला. सगळे म्हणाले, बघतो."

मग त्यानं विचारलं, "तू कुणाला फोन केलास?"

"साहेबांना विचारलं."

त्यानं खिशातून फोन काढला, इथे खलाशांसाठी काम करणारी एक संस्था आहे तिचा नंबर शोधला आणि बस पुलावरून उतरायच्या आत तिथल्या माणसाशी बोलला. जहाजाचं नाव, कुकचं वय, पाय कसा दिसतो, सगळं त्यानं मला विचारून विचारून सांगितलं. स्वतःचं नावही दिलं, स्पेलिंगसकट. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. शुक्रवारी सकाळी संस्थेची लाँच डॉक्टरला घेऊन जहाजावर गेली.

पुढे काही झालं नाही. कुणी आमचे फोन तपासले नाहीत. जहाज आठवड्याभरानं नांगर उचलून निघून गेलं, त्यातलं तेल कुठे उतरलं ते मला माहीत नाही. सहकारी अजून माझ्याशेजारी बसतो. त्या दिवसाचा विषय तो काढत नाही, मीही नाही.

महिन्यानं चीफ ऑफिसरचा मेसेज आला. दुसऱ्या बंदरात कुकच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले दोन दिवस आधी औषध मिळालं असतं तर कदाचित वाचली असती, पण पाय वाचला, माणूस वाचला. खाली लिहिलं होतं: ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून झालं. कामात असाल, म्हणून फोन घेता आला नसेल, पण तुम्ही विसरला नाहीत. कुक रोज तुमचं नाव काढतो.

आज रविवार आहे. घरात कुणी नाही. खरं तर मी त्या चीफ ऑफिसरलाच लिहायला बसले होते, आणि पहिल्या ओळीवर 'आई' असं लिहून गेले. त्याला लिहायचं ते काही मोठं नाही, चार ओळींचं आहे, पण सहा महिने झाले, जमलेलं नाही. त्याच्या मेसेजला उत्तर मात्र मी त्याच दिवशी दिलं होतं. लिहिलं होतं, 'त्यात काय एवढं.'