शेऱ्यांची वही

१२ ऑक्टोबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, माफ करा. तुमच्या बंधूंपासून वेगळी झाल्यावर तुम्हाला वन्सं म्हणावं का, हेच ठरत नव्हतं.

परक्या देशात घर मोडलेलं, इथली भाषाही कच्ची, म्हणून शाळा आपल्या पोरीला पुन्हा त्याच वर्गात बसवणार होती. रोज एका वहीत बाई शेरा लिहितात, खाली पालकांची सही. पोर एक आठवडा माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. आम्ही बोलत नाही, म्हणून त्या वहीतच मराठीत भांडतो. बाईंना वाटलं, आम्ही पानपानभर अभ्यासाची चर्चा करतो! असे जागरूक पालक पाहिले नाहीत म्हणाल्या आणि निर्णय थांबवला. मी गप्प बसले, हे खोटंच ना? आता दोन तारखेला मोठ्या बाईंसमोर ती चर्चा पोरीने भाषांतर करून वाचायची आहे. तिला काही गाळायला सांगू?

अजून मानत असाल तर तुमचीच,
वहिनी

२१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,
अ. उ. आ.

नवरा सोडलास, नणंद सोडायला माझी परवानगी लागते, ती मिळणार नाही. पोरीला काही गाळायला सांगू का, हे भाऊरायांनीही फोनवर विचारलं. लग्नानंतर प्रथमच तुमचं एकमत झालं म्हणायचं! पोरीला पढवू नका. लिहिताना हात नाही कापला, आता ऐकताना का पाय कापताहेत?

लोभ आहेच, तो वाढव.
वन्सं

३ नोव्हेंबर

ती. वन्सं,
सा. न.

पढवलं नाही. पोरीने एक शब्द गाळला नाही. मी लिहिलं होतं, ‘तुमच्याकडून येते तेव्हा हिच्या केसांचं घरटं झालेलं असतं.’ मोठ्या बाई खो खो हसल्या. खाली तुमच्या बंधूंचं उत्तर: ‘घरटी मोडायची हौस तुलाच.’ इथे पोर अडली. ‘हौस’ला तिने दोन शब्द सुचवले, दोन्हींतला फरक समजावला, एक निवडला. कोणी हसलं नाही. हे खिडकीबाहेर बघत होते, मी माझ्या चपलांकडे.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, आईबापांची भांडणं इतकी चोख सांगणाऱ्या मुलीला भाषेसाठी मागे बसवलं तर मलाच शाळेत घालावं लागेल. पोर वरच्या वर्गात जाणार! बाहेर येऊन तिने आम्हा दोघांना बजावलं, अक्षर सुधारा, वाचताना फार त्रास होतो.

मला हसू आलं, मग त्याची लाज वाटली. तरी माया असू द्या.

तुमची वहिनी

ता. क. वही भरली. उद्या नवी आणायची.