गोठ्याकडच्या झाडाचा भाव

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १८ जानेवारी १९३१

चि. बाबूस सगुणाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. फक्त तुझ्या पत्राशी झुंजताना माझी दोन नखे गेली. पेढीवर डिंक फुकट मिळतो म्हणून तो असा थापायचा काय रे? पाकीट वाफेवर धरले, सुरीने खरवडले, शेवटी अडकित्ता आणला. तरी अर्धा मजकूर पाकिटालाच राहिला. तुझे पारशी शेठ फ्रान्सची कच्ची दारू तोंडात धरतात, थुंकतात आणि लगेच, इथवर वाचता आले. पुढे शेठ जगले की गेले ते कळव.

यंदा मोहोर असा आला आहे की झाडाला पाने आहेत हे आठवावे लागते. मुंबईचा दलाल मोहोरावरच सगळी बाग दोनशेला मागतो. इकडून म्हणणे पडले की मिळते ते घ्यावे. गेली दोन वर्षे ढगांनी मोहोर करपवला, हे खरेच. पण दोनशेत घरखर्च भागवून चिमाचे पुण्याच्या शाळेचे आणि वसतिगृहाचे भागत नाही. पोरीला चौदा पुरी झाली. जूनला पैसे भरले नाहीत तर देवरूखचे स्थळ तयार आहे, हे इकडून दोनदा सुचवून झाले.

तुझा सल्ला हवा. माया आहेच, तिला डिंक लागत नाही.
सगुणा


॥ श्री ॥
मुंबई, ता. २७ जानेवारी १९३१

ती. सौ. अक्कास बाबूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पाकीट टाचणीने बंद केले आहे. टोचल्यास राग नसावा.

शेठ ठणठणीत आहेत. ते थुंकतात आणि लगेच भाव सांगतात. फ्रान्सहून नमुन्याच्या बाटल्या येतात. दारू अजून पिंपातच असते, चव म्हणशील तर हिरडा बरा. शेठ ती जिभेवर फिरवतात आणि दहा वर्षांनी ती काय होणार ते आजच ओळखतात. गिऱ्हाईकही आजच पैसे मोजते, माल दोन वर्षांनी येतो. पुढे तो उत्तम निघाला की स्वस्तात घेतला म्हणून मिशीला पीळ.

मी शेठना म्हटले, आमच्या हापूसचे असेच करून पाहावे. ते हौसेने खुर्चीतून उठलेच. तेव्हा दलालाला वाटेला लाव. कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्या की दर झाडाच्या पाच धाड, झाडाचे नाव बांधून.

भावोजींस नमस्कार. मजवरचा विश्वास आंबू देऊ नये.
बाबू


॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २४ फेब्रुवारी १९३१

चि. बाबूस आशीर्वाद. वि. वि.

कालच्या बोटीने करंडी पाठवली. चिठ्ठ्या चिमाने बांधल्या.

दलाल अडीचशेवर आला होता. मी नको म्हटले, तेव्हापासून इकडून माझ्याशी बोलणे बंद आहे. चहा हवा असला की चिमाला सांगणे होते, आईला विचार, या घरात चहा मोहोरावर मिळतो की फळ धरल्यावर. मधे दोन दिवस आभाळ आले. दोन झाडे गळली, बाकीची तगली.

तुझ्या शेठची जीभ घसरली तर मला तोंड दाखवायला जागा नाही, एवढे ध्यानात असू दे.
सगुणा


॥ श्री ॥
मुंबई, ता. ६ मार्च १९३१

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

जिंकलीस! शेठनी तीन मित्र बोलावले. एकेका कैरीची चीर तोंडात, मग पिकदाणीत, मग पाणी, मग पुढची. चौघे असे गंभीर की कुणाचे मृत्युपत्र वाचले जात आहे. विहिरीकडच्या झाडाला शेठ म्हणाले, गोडबोले आहे, यात पुढे काही नाही. मग गोठ्याकडच्या झाडाची चीर तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी, एक कान लाल. मला वाटले, नोकरी गेली. तर शेठ उभे राहिले आणि म्हणाले, जे कोवळेपणी असे तोंड आवळते तेच पुढे मोठे होते.

त्या झाडाची चारशे फळे, शेकडा पंचवीस! शंभराची मनिऑर्डर आजच धाडली आहे.

पेढे वाटशील तेव्हा धाकट्याची आठवण ठेव.
बाबू


॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १२ मार्च १९३१

चि. बाबूस आशीर्वाद. वि. वि.

अरे बाबू, गोठ्याकडे हापूस आहेच कुठे? तो रायवळ! त्याच्या कैऱ्या आपण लोणच्याला घेतो आणि पिकला की दातांतले दोरे काढत बसतो. चिमाने त्याच्याही पाच बांधल्या. विचारले तर म्हणते, परीक्षेला सगळ्यांना बसू द्यावे.

मनिऑर्डर मंगळवारी आली. एका झाडाचे शंभर म्हटल्यावर इकडची स्वारी अशी फिरली की बुधवारी पैसे पुण्याला शाळेकडे रवानाही झाले. आता मागायचे कुणाच्या तोंडाने?

शेठना खरे ते सांग. रागावले तरी चालेल, माझ्यावर ढकल.
सगुणा


॥ श्री ॥
मुंबई, ता. २० मार्च १९३१

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

दोनदा धीर केला. पहिल्यांदा शेठ तीच गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत होते. दुसऱ्यांदा मी म्हटले की ते झाड हापूस नसावे, तर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, डीकरा, ही जीभ तुला यायला जन्म जाईल. अक्का, गिऱ्हाईक त्या जिभेवरच पैसे लावते. ती चुकली असे फोर्टात पसरले तर पेढी बसेल, आणि तिच्याबरोबर मीही.

रायवळच पाठव. गोठ्याकडचेच झाड हवे असे लेखी त्यांनीच दिले आहे. धाकट्याचा भित्रेपणा पदरात घे.
बाबू


॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २८ मे १९३१

चि. बाबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेठनी फोड तोंडात धरून डोळे मिटले आणि मार्चातच सांगितले होते म्हणून मित्रांकडे पाहिले, हे वाचून बरे वाटले. रायवळाला हापूसची चव आली कशी, असे तू विचारतोस. पेढीवर राहून तूही जिभेने विचार करायला लागलास. अरे, विहिरीकडच्या हापूसची चारशे फळे पेट्यांत भरली आणि गोठ्याकडच्या चिठ्ठ्या माझ्या हाताने बांधल्या. चिमाला कळू दिले नाही, ती न्याय मागत बसली असती.

बाकीची झाडे त्याच दलालाला पिकल्या भावाने दिली. चारशे फळांचा खड्डा पडला, तो रायवळाचा रस ताटांत वाळवून, त्याची साठे बाजारात विकून भरला. आठ दिवस घरभर ताटे आणि माशा. माशा वारणे इकडून झाले, तेही बोलत बोलत. चिमा सात तारखेच्या बोटीने निघते, धक्क्यावर ये आणि तिला पुण्याच्या गाडीत बसव.

पुढच्या वर्षासाठी शेठ तेच झाड तीस रुपये शेकड्याने मागतात म्हणतोस. त्यांना सांग, आमचा आंबा एका वर्षाआड धरतो.

चिमाबरोबर दोन साठे देते आहे, ती शेठना नेऊन दे. पसंत त्यांनी रायवळ केला होता, तोही त्यांच्या तोंडी लागला पाहिजे. कशाची ते सांगू नकोस, आणि भाव मात्र लावू देऊ नकोस.

तुझी,
सगुणाक्का