सत्तेचाळीस नंबरचा ठिपका

२ जून, सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. एवढं मोठं संशोधन, नोंद हवी. किडनीच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर कोणाचा आजार उलटणार, हे एका प्रोटीनवरून ओळखायचं. प्रोटीन जास्त तर रंग गडद, रंग गडद तर धोका. ऐंशी पेशंटच्या गाठींच्या तुकड्यांचे ऐंशी ठिपके एकाच काचेवर. मी मायक्रोस्कोपमधून बघून शून्य ते तीन मार्क द्यायचे. पारखी नजर हवी. ती आहेच.

३ जून
लॅबमधल्या ताई म्हणाल्या, काच ठेवताना कोपरा बघा. मी पीएचडी आहे असं म्हणालो नाही. फक्त चेहऱ्यावर आणलं.
एका कोपऱ्यात जादा ठिपका सापडला. किडनीचा नाहीच, चक्क लिव्हरचा. कोणाचा तरी गलथानपणा. मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

५ जून
ऐंशी ठिपके उरकले. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, प्रत्येक ठिपका दोनदा बघ. दुसऱ्यांदा बघणं म्हणजे पहिल्या नजरेचा अपमान. नाही बघितलं.

८ जून, रविवार
मामांकडे बुद्धिबळ. मामांची डावी किडनी गेल्या वर्षी काढली, तेही आमच्या अभ्यासात आहेत. कोणता नंबर कोणाचा, हे मला कळू नये असा नियम आहे. मी नियम पाळतो. पण मामा अभ्यासातल्या नंबराचं कार्ड बुद्धिबळाच्या पुस्तकात खूण म्हणून घालतात, त्याला मी काय करणार? सत्तेचाळीस.
डाव हरलो. खुर्ची डगमगत होती.

९ जून
सत्तेचाळीस: तीन मार्क. गडद तपकिरी.
चहा गार झाला. मामांनी मला सायकल शिकवली, सीट धरून मैदानभर धावले. भीती वाटते. आणि सांगणार कोणाला? नियम मोडल्याचं कळेल.

१५ जून, रविवार
निर्णय: यापुढे मामांना जिंकू द्यायचं. मुद्दाम हरायचं, पण त्यांना संशय येऊ न देता. तीन डाव हरलो. अभिनय इतका बेमालूम, की वजीर गेला तेव्हा मलाच धक्का बसला.
मामांनी विचारलं, भाच्या, एवढा गोड का वागतोयस? काही लफडं केलंयस का?

२२ जून, रविवार
आज चार डाव हरलो. त्याग अंगवळणी पडतोय. बायको म्हणते, मामा ठणठणीत दिसतात, तुझंच तोंड उतरलंय.

२६ जून
मामांचं स्कॅन आलं. एकदम स्वच्छ! बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ सोडून.
मग जरा राग आला. तीन मार्क असताना स्वच्छ कसं? स्कॅनचं मशीन जुनं असणार.

३० जून
मॅडमनी माझे मार्क पेशंटच्या निकालांशी ताडून बघितले. काही म्हणता काही जुळेना. ताईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, लिव्हरचा ठिपका कुठल्या कोपऱ्यात होता? उजवीकडे, खाली, म्हणालो. ताई म्हणाल्या, तो डावीकडे वर हवा. काच सुलट आहे हे कळावं म्हणूनच तो तिथे लावतात.
थोडक्यात, मी अख्खी काच खालची बाजू वर करून वाचली. पहिल्याचे मार्क ऐंशीव्याला. मनातल्या मनात मोजलं. ते तीन मार्क चौतीस नंबरचे. मामांचा शून्य! चौतीस नंबर कोण, ठाऊक नाही. त्याचं भलं होवो.
मॅडमनी सगळं सुलट करून पुन्हा ताडलं. तरी जुळेना. म्हणाल्या, या प्रोटीनवरून कोणाचंच काही सांगता येत नाही. तीनवाल्याचं नाही, शून्यवाल्याचंही नाही.
म्हणजे मी मामांसाठी तीन आठवडे उगाच घाबरलो, आणि आजचा आनंदही उगाचच. स्कॅन मात्र खरं.

६ जुलै, रविवार, दुपारी ४
दया संपली. आता मामांना खरा खेळ दाखवायचा. खुर्ची घरून नेली. मोबाइल बंद ठेवला. पूर्ण ताकद लावली.
सतरा चालींत हरलो.
मामा सोंगट्या डब्यात भरताना म्हणाले, गेल्या महिन्यात दोन रविवार बरा खेळत होतास रे, आज काय झालं?