उलट्या पायांतल्या चपला

बुधवार, दिवेलागणीनंतर

अण्णांना चकवा लागलाय, असं माय अजून म्हणते. मागच्या महिन्यात ते आमच्याच शेतात, आमच्याच बांधावर गोल गोल फिरत सापडले. मायनं त्यांना खाली बसवलं, डावी चप्पल उजव्या पायात घातली, उजवी डाव्यात. असं केलं की चकवा सुटतो आणि वाट दिसते, म्हणे.

लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मेंदू झिजत चाललाय, हे आता वाढतच जाणार. मी मायला सांगितलं, तर म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय चकव्यातलं?" भांडले मी. कशाला भांडले? तिच्याजवळ निदान चपला होत्या. माझ्याजवळ काय होतं?

आज मी नांदेडहून आले, तर अण्णा घरासमोरच्या कडुलिंबाखाली बसलेले. चपला उलट्या पायांत, आणि या वेळी स्वतःच घातलेल्या. "अण्णा, चला घरात," म्हटलं. माझ्याकडे बघून किती मायेनं हसले!

"बाई, तुमीबी वाट चुकलाव का? चपला बदला अन् बसा इथं. सुटतंय जरा येळानं."

काय करणार? बदलल्या चपला, बसले शेजारी. समोर आमचं दार सताड उघडं. माय दिवा लावून उंबऱ्यात उभी.

"कुनाचं घर हाय ओ ते?" अण्णांनी विचारलं. "दिवा लावलाय बगा. त्या बाईला इचारा की, आमचं घर कुटं हाय म्हनून."