‘पय’ आता कुणाला कळणार?

शालूच्या आजोबांस,

जन्मभर तुमचं नाव घेतलं न्हाई, आता पत्रात कसं घेऊ? मी सांगून राह्यले, शालू लिहून राह्यली. आज रविवारचा पेपर आला आणि दत्ता म्हणाला, “आई, आता कोडं कोण सोडवणार? पेपर बंद करतो.” म्हणून हे पत्र.

माणूस असं जातं का हो? चष्मा कपाळावर, पेन्सिल हातात. “दोन घरं. हत्ती?” एवढंच विचारलं तुम्ही. मी चुलीपाशी पेरं मोजली आणि “इभ” म्हणत बाहेर आले, तर तुमची मान कललेली. मला वाटलं, डुलकी. उत्तर ऐकलं का न्हाई, तेवढं तरी सांगून जायचं.

मला अक्षर येत न्हाई, पण कोड्याची घरं बोटाच्या पेरांवर बराबर बसतात, हे तुम्हीच दाखवलं. परतूर स्टेशनातून पेपर आणायचे आणि कोड्यातले शब्द मला शिकवायचे. भेक म्हणजे बेडूक. पिक म्हणजे कोकिळा. खर म्हणजे गाढव. धावड्याहून माझा भाऊ आला की तुम्ही म्हणायचे, “या खरसाहेब.” तो बिचारा फुगून बसायचा. माझाच भाऊ, राग यायला पाहिजे होता. मी आत पदर तोंडात कोंबून हसायची.

आणि पय म्हणजे दूध. पाहुण्यांसमोर तुम्ही ऐटीत, “चहा टाका.” मी दारातून, “पय न्हाई.” मंग तुम्ही गप्पा लांबवायचे, मी मागच्या दाराने शेजारून पेलाभर आणायची. दुष्काळात तर हे रोजचंच. कुणाला कधी पत्ता लागला न्हाई.

तेराव्यानंतर भाऊ चार माणसं घेऊन भेटायला आला. दत्ता म्हणाला, “आई, चहा.” पातेलं रिकामं. मी सवयीने दारात आले, तुमच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “पय न्हाई.”

भाऊ दत्ताच्या कानात म्हणतो, “अक्काच्या डोक्यावर परिणाम झाला का रे?”

तिरडी उचलली तेव्हा कळलं न्हाई, ते त्या दारात कळलं. तुम्ही न्हाई. बिलकुल न्हाई.

तेवढ्यात शालू उठली, पेला घेतला आणि मागच्या दाराने गेली. दूध घेऊन आली.

“तुला गं कुणी सांगितलं?” मी चुलीपाशी विचारलं.

“आजोबांनी. मला सगळे शब्द म्हाईत आहेत.”

“खरसुद्धा?”

“खरसुद्धा,” म्हणाली, आणि मामा-आजोबांच्या हातात कप देताना ओठ दाबून हसली.

वा हो. ‘आपल्या दोघांतच’ म्हणून मला शपथ घालणारे तुम्हीच ना? आता हे लिहितानाही खाली मान घालून हसून राह्यली, लबाड.

पेपर बंद होणार न्हाई, दत्ताला सांगितलं. हत्तीची दोन घरं मात्र मी कुणाला भरू दिली न्हाई. शालू मला तेवढी दोन अक्षरं गिरवून देणार आहे. वाकडी का होईनात, माझ्या हाताने भरीन. कानांनी ऐकलं नसेल, तर डोळ्यांनी वाचा.

तुमची,
शालूची आजी
(आज अंगठाच)