हिरामणच्या ट्रकचा फाळका

२ जानेवारी १९८४
नव्या वर्षाचे संकल्प. रागवायचं नाही. विडी बंद. आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर यापुढे फक्त स्वतःचे विचार लिहायचे. 'बुरी नजर वाले तेरा मुँह काला' हे आयुष्यात पुन्हा लिहिणार नाही. ड्रॉइंगची इंटरमीजिएट पास झालेला पेंटर नावडे फाट्यावर मी एकटाच. त्याने काय तेच तेच गिरवत बसायचं?

सकाळी ११
पंजाबी ड्रायव्हर आला. त्याला 'बुरी नजर'च हवं. मी माझा विचार ऐकवला: 'माणूस ओव्हरटेक करताना हॉर्न देतो, मागे पडताना देत नाही.' म्हणाला, लांब आहे. मी डबा आपटला. तो दुसऱ्या पेंटरकडे गेला. हा राग हिशेबात धरायचा नाही, कारण तो साहित्यासाठी होता. शांत व्हायला एक विडी ओढली.

९ जानेवारी
हिरामण नवा ट्रक घेऊन आला. माझा बालमित्र. शेतं सरकारने घेतली, त्या पैशात ट्रक आला. म्हणाला, तुला वाटेल ते लिही, मला वाचायचा कंटाळा आहे. असं गिऱ्हाईक देवाने दिलं पाहिजे.

आता माझा प्लॅन. माल मिळेपर्यंत हिरामणचा ट्रक रोज सकाळी यशोदाबाईंच्या चहाच्या टपरीकडे पाठ करून उभा असतो. टपरीवर त्यांची मुलगी पुतळा. सातवी शिकलेली. येईल तो फाळका वाचते. माझ्या चहात आलं जास्त घालते. याचा अर्थ लावायला फार डोकं लागत नाही. हिरामणचा फाळका म्हणजे माझं पत्र आणि हिरामण पोस्टमन.

लिहिलं: 'जी समोर आहे तिला सांगायला मागे लिहावं लागतं.' खाली बारीक सही, पेंटर कमळाकर.

१० जानेवारी
वाचलं. हसली. पुन्हा वाचलं. मी शेजारीच उभा होतो, पण माझ्याकडे बघितलं नाही, ड्रायव्हरच्या केबिनकडे बघितलं. लाजली. स्त्रीस्वभाव मला कळतो.

१ फेब्रुवारी
नवीन लिहिलं: 'प्रेम हँडब्रेकसारखं. काढायला विसरलं की जळका वास येतो.' पुतळाने यशोदाबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. यशोदाबाई म्हणाल्या, खरं आहे. हिरामण बाजूला उभा राहून दात काढत होता. जसं काही यानेच लिहिलंय. माकड.

८ फेब्रुवारी
सहीवर चिखल. पाऊस नाही पाणी नाही, चिखल कुठून? कंपन्यांचं सांडपाणी रस्त्यावर सोडतात, त्याचा. सगळ्या विचारावर एक शिंतोडा नाही, नेमका माझ्या नावावर. काल मी स्वतः फडक्याने पुसलं. आज पुन्हा. हिरामणला म्हटलं, सही मोठी करतो. म्हणाला, मग लोकांना ट्रक तुझा वाटेल. मला शहाणपणा शिकवतो. चौथीत दोनदा बसलेला माणूस.

२० फेब्रुवारी
चहात आलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाली संपलं. मी हिरामणच्या ग्लासाचा वास घेतला. होतं. विडी ओढली. दोन ओढल्या.

विचार करता कळलं. मला चिडवते आहे. चिडवणं ही पहिली पायरी.

५ मार्च
शेजारचा पंक्चरवाला दत्तू म्हणाला, फाळक्यावर लिहिणाऱ्यावर पुतळाचा जीव जडलाय, सगळा फाटा बोलतोय. पनवेलहून टेरिकॉटचा शर्ट आणला.

आई म्हणते, उद्याच यशोदाबाईंकडे जाऊन मागणी घालते. मी म्हटलं, थांब. आणखी एक-दोन विचार होऊ देत. घाई सामान्य माणसं करतात.

१९ मार्च
संतापलो आहे. शर्ट घालून गेलो, तर बाईसाहेब टँकरवाल्याशी हसतायत. हवालदाराशी हसतायत. हिरामणशी तर बोलून बोलून चहा उतू गेला. शर्टाबद्दल एक शब्द नाही. तिथेच ठरवलं, आता गोड बोलणं बंद. रात्री ट्रक दुकानात घेतला आणि फाळकाभर लाल अक्षरांत ठोकून दिलं:

'हसणं सगळ्यांना, होकार कुणाला?'

उद्या उत्तर द्यावंच लागेल.

२० मार्च
वाचलं. हसली नाही. डोळ्यांना पदर लावला. चहा यशोदाबाईंनी दिला. घाव बरोबर बसला. उद्या आईला पाठवतो.

२१ मार्च
आई लुगडं बदलत होती, तेवढ्यात हिरामण पेढे घेऊन आला.

काल संध्याकाळी पुतळा त्याच्या केबिनपाशी गेली. म्हणाली, "मना इचाराचा त तोंडानी इचार ना. सगल्या फाट्याला कशाला वाचाला लावतंस?" आणि हो म्हणाली. हा म्हणतो, मला ती पहिल्यापासून आवडायची, पण बोलायला जमत नव्हतं.

मी ओरडलो. ते शब्द कुणाचे ते सांगितलंस का तिला? तो खरंच गोंधळला.

"ट्रक माजा हाय, कमल्या. मंग शब्द कोनाचं असनार?"

पेढे फेकणार होतो. आईने खाल्ले.

२२ मार्च
सरळ टपरीवर गेलो. सांगितलं, ते सगळे विचार माझे होते, तुझ्यासाठी होते. पुतळाने हातातला ग्लास विसळून ठेवला.

"दादा, तुमी त सगल्यांच्याच ट्रकावर लिवता," ती म्हणाली. "अक्षर मातर झकास हाय तुमचा."

चहा दिला. आलं भरपूर घातलं होतं. तो मी प्यायलो, याचा सगळ्यात जास्त राग येतो.

६ मे
हिरामण आला. लग्नाचं वऱ्हाड त्याच्याच ट्रकमधून जाणार. नवं काहीतरी लिही म्हणाला. मी भयंकर विचार तयार ठेवला होता: 'रागावलेला माणूस खरं बोलतो, म्हणून सगळे त्याला शांत हो म्हणतात.' तर म्हणतो, नको. नवीन संसार आहे, दृष्ट लागते. काय लिहायचं ते पुतळानेच सांगून पाठवलंय.

नाही म्हणणार होतो. पण तिला अक्षर आवडतं.

१० मे
लग्न झालं. ट्रक धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून टपरीपुढे उभा होता. चिखलाचा एक शिंतोडा नाही. फाळक्यावर काळ्या रंगात 'बुरी नजर वाले तेरा मुँह काला', आणि त्याच्या बरोबर खाली 'पेंटर कमळाकर'. सही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होती. सगळ्या वऱ्हाडाने वाचली.