सात किलो की चार

वर्तकनगर, ठाणे
गुरुवार, दुपार

ती. सरोजआत्या,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो (डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, म्हणून तिकडे नुसतं टेकवल्यासारखं करतो). टाके सुकले असतील, जिना उतरायला लागली असशील आणि फिजिओवाल्या मुलीला एव्हाना बीजगणितही शिकवून झालं असेल. मी मजेत आहे. तुझी निळी गाडीपण मजेत आहे, म्हणजे होती, म्हणजे त्यासाठीच लिहितोय. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "सर्वेश, मुद्दा" म्हणतेस, आणि माझा मुद्दा साधारण सातव्या वाक्याच्या आसपास राहतो. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही. तुझ्या शेजारची समीक्षा आज क्लासला इकडे आलीये, परत डोंबिवलीला येताना तिच्याच हातून पाठवतो. (ती फोडून वाचेल. वाचू दे.)

तर तू गाडी माझ्याकडे दिलेलीस ती क्लचप्लेट बदलायला, नव्या गुडघ्याला क्लच हलका जावा म्हणून. या रविवारी डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिलीये, अनिमेष खास बंगळुरूहून येऊन तुझ्या शेजारी बसणार आहे, आणि गाडी एकदा जरी अडखळली तरी आईने आता रिक्षाने फिरावं असं म्हणून तो ती विकून टाकणार आहे. हे सगळं मला पाठ आहे. वीस वर्षं तू या गाडीने कल्याणच्या शाळेत गेलीस, मलाही तिच्यातच गाडी चालवायला शिकवलंस. म्हणून मी इंजिनाला हात लावला नाही. गॅरेजातल्या रघुने लावला, मी फक्त मान हलवली. (गेल्या वर्षी सर्व्हिसिंग म्हणून सांगितलं, तेव्हा इंजिनाच्या झडपा उघडणारा आतला कॅमसुद्धा आम्ही बदललेला, गाडी जास्त पळावी म्हणून. तेही आताच सांगून टाकतो, एका रागात दोन्ही होऊन जाईल.)

झालं काय, की रघु म्हणाला, "गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर फ्लायव्हील जरा हलकं करून घेऊ." आत्या, गॅरेजमध्ये "उतरलाच आहे तर" हे तीन शब्द फार वाईट. फ्लायव्हील म्हणजे इंजिनामागचं लोखंडी जाड चाक, क्लच त्यालाच जाऊन चिकटतो. तुझ्या गाडीचं सात किलोचं. मी ते पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. म्हणजे बघ, इंजिन धक्क्याधक्क्याने फिरतं, आणि हे चाक एका धक्क्यातलं थोडं स्वतःजवळ ठेवून पुढच्या धक्क्यापर्यंत पुरवतं. आपण पाय काढला तरी ते लगेच विसरत नाही. हलकं केलं की मात्र इंजिन पाकोळीसारखं वर जातं, आणि तसंच खाली येतं. (बाळकुमच्या खाडीवर संध्याकाळी पाकोळ्या येतात. मी त्या दिवशी तिथेच गेलेलो, म्हणून पुढच्या गोष्टीला उशीर झाला.)

पुढची गोष्ट लोखंड कातणाऱ्या दौलतकाकांच्या लेथवर झाली. सातातून दोन किलो काढून पाच ठेवायचं ठरलेलं. काका म्हणाले, चाक सारखं सारखं उतरवून कोण मोजणार, खाली पडलेला कीस मोजू, दोन किलो भरला की थांबू. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी टाळी दिली. त्यांच्याकडे काटा नाही, म्हणून शेजारच्या रद्दीवाल्याचा आणला. आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की त्या काट्यावर तीन किलो रद्दी दोन किलो भरते. मी स्वतः त्याच्याशी यावरून भांडलोय. पण रद्दी वेगळी आणि लोखंड वेगळं असं काहीतरी आम्हा तिघांच्याही मनात असणार. कीस बरोब्बर दोन किलो भरला. चाक उरलं चार किलो. काका नंतर म्हणाले, आता याला कानसही लावू नका, फुटेल.

पण आत्या, पहिल्या दिवशी घोडबंदर रोडला मी काय पाहिलं ते सांगू का. पायाच्या अंगठ्याने नुसता विचार केला तरी गाडी निघत होती. येऊरचे डोंगर उजवीकडे निळे पडलेले (जाताना डावीकडे असतात, म्हणजे मी परतत असेन), काच खाली, आणि मला वाटलं असंच माळशेजपर्यंत जावं, तिथून जुन्नर, मग पुढे कुठेतरी ऊस संपतो तिथे. मग आलं खोपट. तिथे डेपोच्या तोंडाशी अर्ध्या क्लचवर हळू सरकायचं असतं, आणि चार किलोचं चाक हळू सरकत नाही. गाडी बंद पडली. चालू केली, बंद पडली. तिसऱ्यांदा एसटीच्या बरोब्बर आडवी. कंडक्टर उतरून शांतपणे म्हणाला, "शिकताय का? मग मैदानात शिका ना, डेपोत कशाला?" आणि त्याने स्वतःच ढकलली. मला तेव्हा ना कंडक्टर दिसत होता ना एसटी. मला रविवारी शेजारी बसलेला अनिमेष दिसत होता, हाताची घडी घालून.

मग दोन दिवस भंगारात फिरून कल्याणला दुसरं सात किलोचं चाक मिळालंय (या वेळी वाण्याच्या काट्यावर मोजलं). ते रघुच्या टेबलावर आहे, चारवालं गाडीत आहे. रघु रोज विचारतो, कुठलं? सांगताना तोंड उघडतो आणि घोडबंदर आठवतं. म्हणून तूच सांग.

घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार आणि कॅमबद्दल काही नको.

तुझा,
सर्वेश

ता. क. : खरं तर सातवालंच बसवायला हवं हे मला कळतं. मागायचं होतं ते वेगळंच. रविवारआधी एकदा मला शेजारी बसवून गुपचूप चालवून बघशील का? अनिमेषसमोर तुझा पाय पहिल्यांदा थरथरायला नको. चिडू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रघु आला आणि त्याने कबुली दिली. परवा मी खाडीवर असताना तू फिजिओच्या नावाखाली रिक्षाने गॅरेजात आलेलीस म्हणे, सगळं वदवून घेतलंस आणि तीच चार किलोवाली गाडी घेऊन निघालीस. गेटपाशी चारदा बंद पडली, पाचव्यांदा जी गेलीस ती पाऊण तासाने आलीस. कुठे गेलेलीस ते त्याला सांगितलं नाहीस, केस मात्र विस्कटलेले होते म्हणाला. आणि किल्ली देताना त्याला बजावलंस, "रविवारपुरतं जड चाक लाव. सोमवारी अनिमेष विमानात बसला की हलकं. सर्वेशला एवढ्यात सांगू नकोस, त्याला जरा काळजी करू दे." पत्र तरीही पाठवतो, समीक्षा खाली उभी आहे.